इसबासाठी आयुर्वेदाप्रमाणे काय खावं आणि काय टाळावं?

तुम्ही लिहिलंय की तीन वर्षं इसब आहे, थंडीत वाढतं आणि भेटेल तो नवी यादी हातात देतो. वांगं बंद, दूध बंद, आंबट बंद, मीठ बंद. मग जेवायचं काय, असा तुमचा प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. माझ्या दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूला आणि बोटांच्या बेचक्यांत नऊ वर्षं इसब होतं, अजूनही मधूनच उठतं. त्यातून जे हाती लागलं ते सांगते.

आमच्या सांगलीतल्या वैद्यबाईंनी पहिल्या भेटीत चिठ्ठीवर लिहिलं, "क्षुद्रकुष्ठ – विचर्चिका". आईने 'कुष्ठ' वाचलं आणि ती दवाखान्यातच रडायला लागली. तुमच्या घरी असं होऊ नये म्हणून आधीच सांगते: आयुर्वेदात कुष्ठ म्हणजे एकटा महारोग नव्हे. कातडीच्या अनेक विकारांना मिळून ते नाव आहे. सात महाकुष्ठं आणि अकरा क्षुद्रकुष्ठं, असे अठरा प्रकार. खाज, काळपट पुटकुळ्या आणि भरपूर स्राव ही चरकसंहितेत विचर्चिकेची लक्षणं दिली आहेत. इसबाला वैद्य बहुधा हेच नाव देतात.

याच ग्रंथात कुष्ठाची कारणं सांगताना सुरुवातच विरुद्ध अन्नापासून होते, म्हणजे एकमेकांबरोबर खाऊ नयेत अशा पदार्थांपासून, जसं दूध आणि मीठ. मग नवं धान्य, दही, मासे, अति खारट-आंबट, उडीद, मुळा, पिठाचे जड पदार्थ, तीळ, दूध, गूळ आणि जेवल्यावरची दुपारची झोप. यादी ऐकून मी हबकलेच, कारण यात आपलं अर्धं स्वयंपाकघर येतं. बाई म्हणाल्या, "अगं, यातलं काही विष नाही. रोज, अति, आणि आधीचं पचायच्या आत पुढचं पोटात गेलं की बिघडतं. सगळं सोडलंस तर दोन महिन्यांत अशक्तपणा घेऊन माझ्याकडेच येशील." हे वाक्य मला सगळ्या याद्यांपेक्षा मोलाचं वाटतं.

त्यांनी माझा दिवस विचारला आणि तीनच गोष्टी काढल्या. सकाळची चहा-चपाती, कारण चपातीत मीठ आणि चहात दूध. त्याच कारणाने चहाबरोबरचा चिवडाही गेला. रविवारचं शिकरण, म्हणजे दूध आणि केळं. आणि रात्रीचं दही. रात्री दही खाऊ नये हे चरकाने स्पष्ट सांगितलंय, आणि दह्याचे नियम मोडणाऱ्याला होणाऱ्या रोगांत कुष्ठाचं नावही घेतलंय. मला सगळ्यात जड गेलं ते हेच. आमच्याकडे शेवटचा घास दहीभाताचा असतो, त्याशिवाय जेवण झाल्यासारखंच वाटत नाही. (कोकणातली माझी मैत्रीण विचारते की मासे आणि सोलकढी विरुद्ध आहे का. दूध-मासे विरुद्ध मानतात ते गाईम्हशीचं दूध. सोलकढीत नारळाचा रस असतो, तिला तो नियम लागत नाही.)

आता माझ्या मते जे सगळ्यात उपयोगी पडलं ते. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी रोज खूण करायला लागले. रात्री खाजेने झोपमोड झाली की तारखेच्या चौकोनात लाल टिंब, आणि खाली बारीक अक्षरात त्या दिवशीचं वेगळं काही. एका वेळी एकच पदार्थ तीन आठवडे बंद, मग परत सुरू. चार महिन्यांनी पानं उलटून पाहिली. वांग्याने मला काहीच होत नव्हतं, उगाच वर्षभर भरल्या वांग्यांना मुकले होते. लाल टिंबं दाटली होती ती रात्री साडेदहाला जेवलेल्या दिवसांभोवती, सणावाराच्या श्रीखंड-पुरीनंतर, आणि कामवाल्या मावशी सुट्टीवर असताना मी स्वतः भांडी घासली त्या आठवड्यांत. शेवटच्या गोष्टीचा पोटाशी काहीच संबंध नव्हता, तो भांड्यांच्या पावडरीचा होता. आता आत सुती आणि वर रबरी हातमोजे घालते, आणि बोटांच्या बेचक्या तेव्हापासून जवळजवळ साफ आहेत. तेव्हा सगळा दोष ताटावर टाकू नका.

दुसऱ्याचं पथ्य आपल्याला लागू पडेलच असं नाही. सुकं, भेगाळलेलं इसब असेल तर वैद्य तूप वाढवायला सांगतात, आणि ओलं, पाणी सुटणारं असेल तर हलकं, कडू, कोरडं खायला सांगतात. तुमचं थंडीत वाढतं म्हणजे कोरडेपणाचा भाग मोठा असावा. आंघोळ कोमट पाण्याने, आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा डॉक्टरांनी दिलेलं मॉइश्चरायझर, एवढं आजपासूनच सुरू करा.

एक कळकळीची विनंती. आहार सुरू केला म्हणून त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेलं मलम स्वतःच्या मनाने बंद करू नका. मी केलं होतं, आणि पंधरा दिवसांत कोपर रक्ताळले. मलम कमी करायचं ते त्यांना विचारून. औषधाच्या दुकानातून गजकर्णाचं मिश्र मलम आणून लावू नका, त्यात बहुतेकदा स्टेरॉइड असतं. लेबल नसलेल्या पुड्या आणि भस्मं घेऊ नका. घरात लहान मुलाला इसब असेल तर दूध, अंडी आपण होऊन तोडू नका, वाढ खुंटू शकते. आणि जागा गरम लागली, पिवळा पू आला किंवा ताप भरला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

खायचं काय, तर जुने तांदूळ, मूग, ज्वारीची भाकरी, दुधी, दोडका, पडवळ, कारलं, मेथी. रात्री आठच्या आत मी बहुतेकदा मुगाचं कढण घेते. मूठभर सालीचे मूग कोरडेच भाजायचे, खमंग वास सुटेपर्यंत. चार वाट्या पाण्यात मऊ शिजवून रवीने घुसळायचे. चमचाभर साजूक तुपात जिरं, हळद, किसलेलं आलं, वर चिमूटभर सैंधव. सोबत मऊ भात. दहीभाताची आठवण पहिले दहा-बारा दिवस येते. मी तेव्हा भातावर तुपाची धार थोडी जास्त सोडायचे.