सारस बघायला पावसाळ्यात यावं का?

प्रश्न : मुलांना घेऊन नवेगाव बांधला यायचं आहे. तिथं सारस दिसतील का? भाताच्या शेतात त्यांचं घरटं असतं म्हणे. पावसाळ्यात आलो तर पिल्लंही बघता येतील का?
– एक वाचक, अचलपूर

उत्तर : ताई, जानेवारीत या. कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेल्या नवेगावच्या तलावावर तेव्हा बाहेरदेशची बदकं उतरलेली असतात. सारसासाठी मात्र मुक्काम गोंदियात करा आणि पहाटेच परसवाडा, झिलमिली तलावांकडे निघा. महाराष्ट्रात सारस उरले ते मुख्यतः आमच्याच भागात, तेही मोजके.

पावसाळ्यात मात्र येऊ नका, हे कळकळीनं सांगतो. चार वर्षांपूर्वी रोवणीनंतर आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, जोडी बसली. धान, गवत ओढून ढीग रचला, वर दोन अंडी. बाबांना वाटायचं, सगळं धान तुडवतील. गेली ती खाटेएवढी जागा. नर-मादी पाळीपाळीनं बसायचे. महिनाभर बसावं लागतं. एका रविवारी मी बाजाराला गेलो होतो. मोठाले कॅमेरे घेतलेले चौघे धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, थेट बांधीत उतरले. जोडी उठून लांब गेली, हे काही हलेनात. तेवढ्यात कावळ्यांनी एक अंडं फोडलं. मी घरी आलो तेव्हा बायको सांगता सांगता रडली. दुसऱ्या अंड्यातलं पिल्लू जगलं, दिवाळीत आईबापांमागं धुऱ्यानं चालायचं.

अंड्यांना हात लावणं किंवा घरट्याला त्रास देणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. त्या चौघांनी हात लावला नव्हता, पण त्यांना अडवायला तिथं कोणी नव्हतं. अभयारण्याला गेट असतं, चौकीदार असतो. बांधीतल्या घरट्याला शेतकऱ्याशिवाय कोणी नाही.

जानेवारीत धान कापून झालेलं असतं. रिकाम्या बांध्यांत सांडलेला दाणा टिपायला सारस येतात, लांबूनही दिसतात. माणसाएवढा उंच पक्षी, लालभडक मान, मुलांना दाखवावा लागत नाही. रात्री कुठं बसले होते ते तलावावर जाळं टाकणाऱ्या ढीवर भावांना विचारा, त्यांना नेमकं ठाऊक असतं. गाडी तलावाच्या पाळीखालीच, म्हणजे बांधाखालीच ठेवा, मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावू नका. दुर्बीण मिळाली तर आणा.

जोडी ओरडायला लागली तर मुलांना मोजायला सांगा. नराच्या एका हाकेला मादीच्या दोन असतात.