पणजोबांची ठासणीची बंदूक ग्वाल्हेरच्या घरी सापडली. जुन्या लष्करी बंदुकांचा संग्रह इथून सुरू करता येईल का?

येईल, पण बंदूक लगेच भिंतीवर टांगू नका. ती भरलेली असू शकते. नळीचं तोंड कोणाकडेही नको, घोड्याला हात नको, आणि जाणकार शस्त्रदुरुस्तीवाल्याने तपासेपर्यंत ती भरलेलीच आहे असं धरा.

मग कागद. 'शंभर वर्षं जुनी आहे, लायसन्स कशाला' हा समज आपल्याकडे फार आहे आणि तो घातक आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 45 मधली सूट जुनाट किंवा मोडक्या शस्त्राला आहे, तीही दुरुस्त करूनसुद्धा उडणार नसेल तरच. हा निवाडा घरी करू नका. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत लेखी कळवा, तोवर पोलीस ठाण्यात किंवा लायसन्सधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. नेण्याआधी फोन करा. 2019 च्या दुरुस्तीनंतर वारशाची धरूनही दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळे उडणाऱ्या बंदुकांचा मोठा संग्रह विसरा.

ओळख पटवायची तर घोड्याजवळची लोखंडी पट्टी बघा. 1853 च्या एनफील्ड या ब्रिटिश लष्करी बंदुकीवर तिथे मुकुट, 'टॉवर' हा शब्द आणि साल कोरलेलं सापडतं. म्हणूनच पॉलिश पेपर लावू नका, खुणा पुसल्या की इतिहासही गेला. हलकं तेल पुरे. नजर तयार करायला ग्वाल्हेरच्या जयविलास महालातल्या संग्रहालयाचं शस्त्रदालन सावकाश बघा, आणि पणजोबा शिंद्यांच्या फौजेत असतील तर त्यांची सनद, पत्रं, फोटो बंदुकीसोबतच जपा.