नुकतीच नेलपेंट जमवायला लागले आहे. आधी कोणते रंग घ्यावेत? तुमच्याकडे कोणते आहेत?

तुम्ही लिहिलंय की आतापर्यंत घेतलेल्या सगळ्या बाटल्या फिक्या गुलाबी नाहीतर लव्हेंडर निघाल्या, लावल्या की रेघा उठतात, नखं पिवळट दिसायला लागलीत आणि पुढे काय घ्यावं ते सुचत नाही.

हाताला दोष देऊ नका. रंगच अवघड निवडलेत. फिका, दुधाळ, सपाट रंग हा नेलपेंटमधला सगळ्यात हट्टी प्रकार. त्यात पांढरं रंगद्रव्य, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, भरपूर असतं. पातळ लावला तर खालचं नख डोकावतं, जाड लावला तर वाळता वाळत नाही आणि ब्रशचा प्रत्येक केस आपली रेघ सोडून जातो. बरं, नवीन मुली नेमक्या त्याच बाटल्या उचलतात, कारण दुकानाच्या काचेमागं त्या गोड दिसतात. बाटलीत रंगाचा थर बोटभर जाड असतो. नखावर तो कागदाहून पातळ बसणार. म्हणून माझं म्हणणं एवढंच की सुरुवातीला रंग बघून बाटली घेऊ नका, पोत बघून घ्या.

पोत म्हणजे क्रीम, शिमर, जेली, मॅट, ग्लिटर वगैरे. क्रीम म्हणजे चकाकीचे दाणे नसलेला सपाट, दाट रंग. गडद क्रीम, म्हणजे मरून किंवा वाईन, दोन हातांत (दोन थरांत) नख झाकतो आणि रेघ दाखवत नाही. मात्र कडेला कातडीवर सांडला तर लांबूनही दिसतो. बारीक दाण्याचा शिमर सगळ्यात समजूतदार: रेघ लपवतो, टोक उडालं तरी लपवतो, आणि आठवड्याभरानं मुळाशी नवं नख डोकावलं तरी चटकन कुणाच्या लक्षात येत नाही. जेली पारदर्शक असते. १९३२ मध्ये अमेरिकेत रेव्हलॉननं रंगद्रव्य घातलेलं, नख पूर्ण झाकणारं नेलपेंट विकायला काढलं, त्याआधी बाजारात मुख्यतः असेच आरपार दिसणारे रंग असायचे. आता जेली फॅशन म्हणून परत आलीय; नखाचा डाग लपवायचा असेल तर ती कामाची नाही. मॅट, म्हणजे बिनचमकीचा रंग, दिसायला झकास, पण तेलाचा हात लागला की चट्टे पडतात. भाजी फोडणीला घालणाऱ्या बाईनं मॅटच्या नादाला लागू नये.

मोठ्या टिकल्यांचं ग्लिटर मला मनापासून आवडत नाही. लग्नात एक रात्र बरं दिसतं, नंतर काढताना जीव जातो. तुमच्याकडे असलंच तर घासत बसू नका. कापसाचा बोळा रिमूव्हरमध्ये भिजवून नखावर ठेवा, वरून भाकरी गुंडाळतो त्या चांदीच्या कागदाचा तुकडा घट्ट लपेटा, दहा मिनिटांनी ओढून काढा. बहुतेक सगळं बोळ्याबरोबर येतं.

आता माझ्याकडचं. बेळगावात शहापूर भागात माझं साड्यांना फॉल-पिको करून द्यायचं काम आहे. दिवसभर हात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर, त्यामुळे नखं बोडकी ठेवावीशी वाटत नाहीत. बिस्किटाच्या एका डब्यात मावतील तेवढ्याच बाटल्या ठेवते. त्याहून जास्त झाल्या की मागच्या वापरात येत नाहीत आणि दाटून बसतात. सगळ्यात जास्त हात जातो तो तांबड्याकडे, पण भगव्याकडे झुकणाऱ्या नव्हे. इरकलच्या टोपपदराचा जो तांबडा असतो, किंचित काळसर, त्याच्या जवळचा. सावळ्या हाताला तो इतका खुलतो की दुसरं काही लावावंसं वाटत नाही. त्याच्या शेजारी मरून, तांब्याच्या छटेचा एक शिमर, बाटलीहिरवा, मोरपंखी, जांभळ्याकडे झुकलेला तपकिरी आणि एक काळा. गुलाबी एकच, गडद, राणी कलर. गव्हाळ आणि सावळ्या हाताला हे खोल रंग शोभतात हे माझं मत. पटत नसेल तर सोडून द्या.

न्यूड, म्हणजे कातडीशी मिळत्याजुळत्या रंगाबद्दल मात्र ठामपणे सांगते. परदेशी गोऱ्या हातांचे फोटो बघून घेतलेला न्यूड आपल्या हातावर खडू फासल्यासारखा दिसतो. आपल्या बोटाच्या कातडीपेक्षा एक-दोन छटा गडद, तपकिरी-गुलाबी असा बघा. बाटली बोटाच्या पेराला लावून धरा. बोट तिच्याशेजारी करपल्यासारखं वाटलं तर ती ठेवून द्या.

आणि रंग उजेडात बघा. साडीला दोरा लावताना मी रीळ कधीच ट्यूबच्या उजेडात ठरवत नाही, उंबऱ्याबाहेर नेऊन बघते. आत मरून वाटलेला दोरा बाहेर चॉकलेटी निघतो. नेलपेंटचं तसंच. खडेबाजार, गणपत गल्लीकडच्या चिंचोळ्या दुकानांत पांढरा एलईडी डोक्यावर असतो, त्यात प्रत्येक निळा छान दिसतो. दुकानदाराला सांगून बाटली दारापर्यंत न्या. कुणी नाही म्हणत नाही. घरी आल्यावर प्लास्टिकच्या पांढऱ्या चमच्यावर दोन हात देऊन वाळवून ठेवला की पुढच्या खेपेला चमचाच पर्समध्ये घालून न्यायचा. तोच रंग परत घेणं टळतं. सगळ्या बाटल्या गुलाबी होतात त्या अशाच, मागची छटा नेमकी आठवत नसते.

काळ्याबद्दल थोडं विषयांतर. मला काळा आवडतो, वर्षभर कुणी काही म्हणत नाही. पण आमच्याकडे नोव्हेंबर लागला की नखांचाही अर्थ लावतात. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेला. मराठी माणसं त्या तारखेला काळा दिवस पाळतात आणि त्याच दिवशी कर्नाटक राज्योत्सवाचे पिवळे-तांबडे झेंडे गल्लोगल्ली लागलेले असतात. त्या आठवड्यात काळं लावलं तर एक जण विचारतो, पिवळं-तांबडं आलटून पालटून लावलं तर दुसरा. बांगड्यांच्या दुकानातला माणूस मात्र एकीशी मराठीत, दुसरीशी कन्नडात बोलत तिन्ही बाटल्या विकून मोकळा होतो. तुम्ही सीमाभागातल्या नसाल तर हे वाचून सोडून द्या, असाल तर सांगायला नकोच.

पिवळ्या नखांचं कारण बहुतेक बेस कोट, म्हणजे रंगाआधी लावायचा बिनरंगी थर, नसणं. तांबड्या-मरून रंगद्रव्याचा अंश नखात उतरतो आणि पिवळट डाग राहतो. फिके रंग लावून पिवळी झालीत म्हणता, तर मधे केव्हातरी गडद लावलं होतं का ते आठवा, नाहीतर स्वयंपाकातली हळद असेल. डाग घासून जात नाही, लिंबू चोळून नख कोरडं पडतं ते वेगळंच. बोटाचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, मुळापासून टोकापर्यंत नवं यायला सहाएक महिने लागतात. तेवढा धीर धरा. पण रंग न लावताच पिवळी, जाड किंवा ठिसूळ होत असतील तर नेलपेंटचा विषय सोडून डॉक्टरांना दाखवा. तर पुढची खरेदी रंगाची नको, एक बेस कोट आणि एक टॉप कोट (रंगावरून शेवटी लावायचा) घ्या. या दोन बिनरंगी बाटल्यांवर पैसे घालायला जीवावर येतं, मला कळतं, पण त्यांच्याशिवाय महागातला रंगही तिसऱ्या दिवशी भांडी घासताना टोकाला उडतो.

लावताना बाटली गदागदा हलवू नका, आत हवा शिरते आणि नखावर बुडबुडे येतात. दोन तळव्यांत धरून फिरवा. डोक्यावरचा पंखा बंद करा. ब्रश एका बाजूनं बाटलीच्या तोंडाला पुसून घ्या, मधे एक फटका, मग दोन्ही कडांना एकेक, बास. पहिला हात रेघारेघांचाच दिसणार, तिथं घाबरून परत ब्रश फिरवायचा नाही; वाळू द्या, दुसऱ्या हातात भरून येतं. शेवटी नखाच्या टोकावरून ब्रश आडवा फिरवा म्हणजे कड बंद होते. बोट लावून कोरडं वाटलं तरी आतून ते काही तास ओलसरच असतं, म्हणून रात्री लावून लगेच झोपलं की सकाळी नखांवर चादरीची वीण उमटलेली दिसते. माझ्या कामात तर उडालेलं टोक आणखी त्रासाचं. त्याची बारीकशी करकरीत कड रेशमात अडकली की पदराचा धागा सर्रकन ओढला जातो. त्यामुळे एक जरी टोक उडालं तरी मी सगळं पुसून टाकते, डागडुजी करत नाही.

तुमच्या त्या फिक्या गुलाबी टाकून देऊ नका. अगदी पातळ दोन हात द्या आणि वरून चंदेरी किंवा गुलाबी शिमरचा एक. रेघा बऱ्याचशा गायब.

लग्नसराईचं विचारलं नाहीत, पण कामाला येईल. हिरवा चुडा हातात असेल तर नखं हिरवी नकोत, दोन्ही एकमेकांना खातात. तांबडा, मरून किंवा तांब्याचा शिमर लावा. मेंदी काढणार असाल आणि नखं केशरी नको असतील तर आधी बिनरंगी कोट लावून वाळवा, मग मेंदी. एकदा नखाला मेंदी चढली की रिमूव्हरनं जात नाही, वाढून कापली जाईपर्यंत तशीच. आणि घरात कुणाचं ऑपरेशन असेल तर दवाखान्यात जाण्याआधी नखं साफ करा. बोटाला लावतात त्या ऑक्सिजन मोजायच्या चिमट्याचा आकडा गडद निळ्या, काळ्या, हिरव्या रंगामुळे चुकू शकतो, शिवाय डॉक्टरांना नखाचा मूळ रंग बघायचा असतो.

कंपनी कुठली, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. लॅक्मे १९५२ पासूनची, टाटांनी सुरू केलेली, आता हिंदुस्तान युनिलिव्हरकडे. ती आणि तिच्यासारख्या चार-पाच कंपन्यांच्या बाटल्या निपाणी, खानापूर, चिक्कोडीतही मिळतात. रस्त्यावरच्या गाड्यावरची स्वस्त बाटली घ्यायलाही माझी हरकत नाही, फक्त तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव, बॅच नंबर, मुदत आणि आतल्या घटकांची यादी छापलेली हवी. यादीत टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड किंवा डायब्यूटिल थॅलेट दिसलं तर ठेवून द्या. काहीच छापलेलं नसेल तर विषयच संपला. बाटल्या लहानच घ्या, पाच-सहा मिलिलिटरच्या. पंधरा मिलिलिटरची मोठी बाटली एका माणसाच्या हातून क्वचितच संपते.

दाटलेल्या बाटलीत रिमूव्हर ओतायचा सल्ला बायका एकमेकींना देतात, तो ऐकू नका, रंग फुटतो आणि नखावर धरत नाही. नेलपेंटचं थिनर वेगळं मिळतं, त्याचे दोन-तीन थेंब पुरतात. झाकण लावण्याआधी बाटलीच्या गळ्याला लागलेला रंग कापसानं पुसत जा, म्हणजे दाटायची वेळ उशिरा येते. डबा खिडकीतल्या उन्हात ठेवू नका आणि गॅसजवळ तर मुळीच नको. नेलपेंट आणि रिमूव्हर दोन्ही भुर्रकन पेटतात. देवासमोर उदबत्ती चालू असताना शेजारी बसून नखं पुसणाऱ्या आमच्याकडे आहेत, त्यांना हे सांगून सांगून थकले.

तुमच्या हाताचा रंग कसा आहे आणि रोज काम काय करता ते खाली लिहा, मग पहिली गडद बाटली कुठली ते नेमकं सांगता येईल.