रिलॅक्स व्हायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

"रिलॅक्स व्हायला बसलो की उलट जीव घाबरा होतो." ही तक्रार माझ्याकडे दर आठवड्याला येतेच. त्यातलेच चोपडा तालुक्यातले एक केळीवाले दादा. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) बीपी, शुगर सगळं ठीक. डॉक्टरांनी सांगितलं, रिलॅक्स राहा. "आडवा पडस, पन माले आराम नही म्याडम."

रिलॅक्स म्हणजे काय, विचारलं. "आराम. कामधंदा सोडून पडून राहणं." बोलताना चेहरा असा, जणू शेजाऱ्याचं व्यसन सांगताहेत. त्यांच्या घरी आराम दोघांनीच करायचा, आजाऱ्यानं नाहीतर आळश्यानं. गाठ इथंच होती.

'आराम' आपल्याकडे फारसीतून आला; दुखणं हटलं की आपण 'आराम पडला' म्हणतो. रिलॅक्सचं मूळ मात्र लॅटिन. 'लॅक्सस' म्हणजे सैल, 'री' म्हणजे पुन्हा. पुन्हा सैल करणं, एवढंच. त्यात काम सोडणं कुठेच नाही. पतंजलींनीही आसनाबद्दल 'प्रयत्नशैथिल्य' म्हटलंय. आसन तसंच ठेवून जोर तेवढा ढिला करायचा. (जुलाबाच्या औषधाचं इंग्रजी नाव, लॅक्झेटिव्ह, याच 'लॅक्सस'चं. हे सांगितल्यावर दादा पहिल्यांदा हसले.)

त्या आठवड्यात शेतीपंपाची लाईट रात्रपाळीची होती. मोटारच्या ऑटो स्टार्टरचा मेसेज येईल म्हणून मोबाइल दिवसाही मुठीत आवळलेला, बोटांची पेरं पांढरी पडलेली. म्हटलं, मोबाइल ठेवा, रिकामी मूठ आणखी आवळा, सातपर्यंत मोजा, आता सोडा. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरनं 1929 च्या पुस्तकात ही रीत मांडली: आधी स्नायू ताणायचा, म्हणजे सैल झालेला कळतो. दादांच्या तळव्यावर नखांच्या चार खुणा उमटल्या होत्या. बराच वेळ ते त्याच बघत राहिले. मग खांदे, मग जबडा. दुखरा भाग असेल तर तो वगळायचा.

"औत सुटलं की बैलाचं जोतं काढतो, तसं?"

अगदी तसं. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-लोणी लावून बैलाचे खांदे मळणारा हा माणूस, स्वतःचे खांदे मात्र वर्षभर कानाला टेकवून हिंडत होता.

तिसऱ्या भेटीत म्हणाले, रात्री दोनला उठावं लागतंच, पण मोटार बघून आलो की आता पुन्हा डोळा लागतो. जाता जाता दारातून वळले. "ते जुलाबाचं खरं ना? घरी सांगितलं तर कोनी मानत नही."