शेळ्यांना सवड आहे, पॉलिसीला अकराच दिवस

सिन्नर तालुक्यातील एका वाचकांचे पत्र एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आले. वय 37, तीन एकर जमीन, कांदा आणि सोयाबीन, खर्च वजा जाता वर्षाला सुमारे 3 लाख रुपये. घरात पत्नी, आई आणि शाळेत जाणारी दोन मुले. बचत खात्यात 70 हजार. दुधासाठी संगमनेरी शेळ्यांचा 20 अधिक 1 (वीस शेळ्या, एक बोकड) असा गट बंदिस्त पद्धतीने पाळण्याचा त्यांचा विचार असून, बँक साडेतीन लाखांचे कर्ज 11 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी देण्यास तयार आहे. गट 20 चा घ्यावा की 10 चा, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. पत्राखाली एक ता. क. आहे: ‘हप्त्यांची काळजी नाही. बँकेतील साहेबांनी कर्जासोबत बचत योजनाही दिली आहे, वर्षाला 60 हजार, दहा वर्षे. कर्ज लवकर मंजूर होण्यासाठी ती लागते म्हणाले. पहिला हप्ता सौभाग्यवतींच्या दागिन्यांवर कर्ज काढून भरला.’

तुम्ही जिला बचत योजना म्हणता, ती आयुर्विम्याची पारंपरिक पॉलिसी आहे, हे सोबत जोडलेल्या छायाचित्रांवरून स्पष्ट दिसते. त्यातील एका छायाचित्रात पॉलिसीचे पाकीट आहे आणि त्यावर तुमच्या मुलाने निळ्या पेनाने ते हाती आल्याची तारीख लिहिली आहे. त्या तारखेला तुमचे पत्र माझ्याकडे आले तेव्हा 19 दिवस झाले होते. पॉलिसीचा कागद हाती पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीची किरकोळ रक्कम कापून उरलेला हप्ता परत मिळतो. म्हणून हे उत्तर छापून येण्याची वाट न पाहता मी तुम्हाला त्याच संध्याकाळी कळवले, की अर्ज बँकेतील साहेबांकडे न देता थेट विमा कंपनीच्या शाखेत द्या, पोच घ्या आणि तीच प्रत ईमेलनेही पाठवा. साहेबांकडे दिलेला अर्ज तिसाव्या दिवसापर्यंत टेबलाच्या खणात राहिल्याची उदाहरणे माझ्या फायलींत पुरेशी आहेत.

आता कारणे. तुम्ही पाठवलेल्या तक्त्यानुसार दहा वर्षांत 6 लाख भरल्यावर पंधराव्या वर्षी साधारण 10 लाख मिळतील. ‘जवळजवळ दुप्पट’ हे शब्द कानाला बरे वाटतात. हिशेब केला तर हा परतावा वर्षाला 5 टक्क्यांच्या आसपास येतो, आणि त्यातील बोनसचा भाग हमीचाही नाही. दागिन्यांवरचे कर्ज तुम्ही साडेदहा टक्क्यांनी घेतले आहे. साडेदहाने काढून पाचने गुंतवण्याला बचत म्हणणाऱ्या माणसाने तुमच्या शेतीचा हिशेब एकदाही मांडलेला नाही. शिवाय या पॉलिसीत विमा आहे 6 लाखांचा, म्हणजे तुमच्या घरच्या दोन वर्षांच्या खर्चाचा. पहिल्याच वर्षानंतर हप्ता थांबवल्यास हाती येणारी रक्कम भरलेल्या पैशांच्या मानाने फारच थोडी असते. कर्ज देताना अशी पॉलिसी घेण्याची सक्ती बँकेला करता येत नाही. त्या कारणाने तुमचे कर्ज अडवले गेले, तर बँकेकडे लेखी तक्रार करा. विमा कंपनीने पैसे परत करण्यास टाळाटाळ केली, तर विमा नियामकाचे ‘बीमा भरोसा’ हे तक्रार पोर्टल आणि त्यानंतर विमा लोकपाल हे मार्ग खुले आहेत.

परत येणाऱ्या पैशांतून सर्वप्रथम दागिने सोडवा. विम्यासाठी वर्षाला 436 रुपयांची प्रधानमंत्री जीवन ज्योती आणि 20 रुपयांची अपघाताची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना खात्यावर आजच सुरू करा, आणि निव्वळ मुदतीचा (टर्म) 25 लाखांचा विमा मिळतो का ते पाहा. तुमच्या वयाला त्याचा हप्ता वर्षाला दहा हजारांच्या आत बसायला हवा.

मग राहिल्या शेळ्या. तुम्हाला मिळालेल्या प्रकल्प अहवालात प्रत्येक शेळी वर्षातून दोनदा विते, दर वेळी दोन करडे देते, त्यांतले एकही मरत नाही आणि ती 365 दिवस दीड लिटर दूध देते. त्या दुधाला 100 रुपये भाव धरून उत्पन्न 16 लाखांच्या पुढे नेले आहे. शेळी पाच महिने गाभण असते. उत्तम व्यवस्थापनात दोन वर्षांत तीन वेते मिळतात. वीसपैकी अठरा शेळ्या धरल्या, तर वर्षाला 27 वेते आणि 40 करडे होतात; त्यांतली सहा मरतील आणि चार माद्या तुम्ही ठेवाल असे धरल्यास विक्रीला 30 राहतात. सहा हजारांच्या भावाने 1 लाख 80 हजार झाले. करडांनी पिऊन उरलेले दूध अर्धा लिटर, वेतामागे शंभर दिवस, 50 रुपये भावाने सुमारे 65 हजारांचे. डेंग्यूच्या साथीत शहरातला भाव चढतो हे खरे. पण प्लेटलेट वाढण्याच्या त्या समजुतीला वैद्यकीय आधार नाही, आणि साथीवर वर्षाचा हिशेब बसवता येत नाही. खुराक, विकतचा चारा, लसी आणि शेळ्यांचा विमा यांचे 1 लाख 20 हजार वजा केले की सव्वा लाख उरतात, त्यांतून कर्जाचे 91 हजार जातात. राहिलेल्या 34 हजारांतून 60 हजारांचा हप्ता तुम्ही भरणार होतात. अहवालातील ‘राष्ट्रीय पशुधन अभियानाचे 50 टक्के अनुदान’ही विसरा, तेथे शेळ्यांचा सर्वांत लहान गट 100 अधिक 5 चा आहे.

यापेक्षा मोठी अडचण पैसा कोणत्या महिन्यात येतो, ही आहे. दूध लवकर सुरू व्हावे म्हणून तुम्ही आत्ता गाभण शेळ्या घेणार, म्हणजे त्या जुलै-ऑगस्टमध्ये वितील. ओल्या गोठ्यात जन्मलेल्या करडांना न्यूमोनिया आणि हगवण गाठते, आणि मरतुक सहावरून बारावर जायला एक झड पुरते. जी वाचतील ती मार्चच्या आधी विकण्याजोगी होणार नाहीत. बकरी ईदच्या भावाचाही उपयोग नाही, कारण कुर्बानीला वर्ष पूर्ण झालेला बोकड लागतो आणि पुढील वर्षीच्या ईदला तुमचे बोकड दहा महिन्यांचे असतील. तोवर खात्यातले 70 हजार खुराकात आणि हप्त्यांतच संपतील.

म्हणून 10 अधिक 1, कर्ज पावणेदोन लाख, महिना हप्ता 3,800. पहिल्या वर्षी हाती फारसे उरणार नाही, पण हा हप्ता कांदा पडला तरी पेलतो. खुराकासाठी दागिन्यांकडे न वळता पशुपालनाचे किसान क्रेडिट कार्ड घ्या. वेळेवर फेडल्यास व्याज 4 टक्के पडते. शेळ्या बाजारातून न आणता गोठ्यावर जाऊन, सकाळ-संध्याकाळ स्वतः धार काढून निवडा. दुसरे वेत नुकतेच झालेल्या, अजून गाभण नसलेल्या दुभत्या शेळ्या घ्या. तीन आठवडे वेगळ्या बांधा, पावसाळ्याआधी पीपीआर आणि आंत्रविषार या रोगांच्या लसी द्या, आणि बोकड मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दूर ठेवा. मग वेते ऑक्टोबरच्या अखेरीपासून, कोरड्या हवेत आणि हिरवा चारा असताना होतील.

वितण्याच्या त्या तीन-चार आठवड्यांत रात्री गोठ्यात कोण असेल, हे तुमच्या पत्रात कोठेच नाही. दोन किलोच्या करडाची नाळ दोन बोटे सोडून बांधणे, तिला टिंक्चर आयोडीन लावणे, तासाभराच्या आत चीक पाजणे आणि दिवसभरात तीन-चार वेळा मिळून 200 मिलिलिटर तरी पोटात जाईल हे पाहणे, यावर 27 वेतांचा नव्हे, तर पहिल्या दहांचा हिशेब उभा आहे. कांद्याची रोपे लावण्याचे दिवसही तेच आहेत, तेव्हा रात्रपाळी पत्नी, आई आणि तुमच्यात कशी वाटली जाईल हे कर्जाच्या कागदांवर सही करण्याआधी ठरवून मला कळवा.