मोठी फाईल कॉपी करताना लिनक्सवर नेट अडकतंय, लॉगमध्ये 'हार्डवेअर युनिट हँग' येतंय, कार्ड बदलू का? (उद्यमबाग, बेळगाव)

कार्ड लगेच बदलू नका ओ, आधी टीएसओ (डेटाचे तुकडे करायचं काम कार्डावर टाकणारी सोय) बंद करून बघा, टर्मिनलमध्ये ईथटूल या कार्डाची सेटिंग बदलायच्या कमांडला '-K' (मोठा के) देऊन इंटरफेसचं, म्हणजे लिनक्सनं कार्डाला दिलेलं नाव आणि पुढं 'टीएसओ ऑफ जीएसओ ऑफ', तेवढंच (जीएसओ म्हणजे तसलीच सॉफ्टवेअरमधली सोय). हा मेसेज इंटेलच्या नेटवर्क कार्डांच्या ई१०००ई ड्रायव्हरचा आहे. टीएसओ म्हणजे सीपीयू ६४ केबीपर्यंतचा डेटा एकदम कार्डाकडं ढकलतो आणि १५०० बाइटचे तुकडे कार्डानं स्वतः करायचे असतात, काही चिप नेमक्या तिथंच अडकतात, म्हणून तर तुमची मोठी फाईल कॉपी करताना नेट बंद पडतंय, ब्राउझिंग मात्र नीट चालत असेल. हे मी अंदाजानं सांगत नाही, ड्रायव्हरचा सोर्स उघडून बघा, १०/१०० मेगाबिट स्पीडला हार्डवेअरच्या अडचणी टाळायला टीएसओ बंद करतोय असं त्यात कमेंटमध्येच लिहिलंय. रिअलटेक कंपनीच्या कार्डांच्या आर८१६९ ड्रायव्हरमध्ये पण असंच, काही चिपना छोटी पॅकेट नीट भरता येत नाहीत म्हणून ड्रायव्हर स्वतःच ती ६० बाइटपर्यंत भरून देतो. असली डागडुजी ड्रायव्हरमध्ये लै असते, आणि ती लिहिणाऱ्यांचे खरंच उपकार आहेत.

रिबूट झालं की सेटिंग जातं, त्यामुळं नेटवर्कमॅनेजर (लिनक्सवर नेटची कनेक्शनं सांभाळणारा प्रोग्राम) मधल्या तुमच्या कनेक्शनमध्येच टीएसओ ऑफ करून ठेवा. फक्त लॉगमध्ये हँगच्या आधी सारखं 'लिंक इज डाऊन' (केबलवरचा संपर्क तुटला) येत असेल तर मात्र आधी केबल आणि स्विचचा पोर्ट बदलून बघा.