पेशीचक्रातील अधिजनुकीय बदल मूलपेशींच्या विभेदनाला दिशा कशी देतात?

आपल्या या प्रश्नाने माझी जुनी जखम उघडली. संशोधनाच्या दुसऱ्या वर्षी मी मानवी भ्रूणीय मूलपेशींपासून एंडोडर्म, म्हणजे आतडे व यकृत घडवणारा भ्रूणाचा आतला थर, तयार करत होते. एकाच डिशमधील, एकाच वेळी ॲक्टिव्हिन (एंडोडर्मकडे वळवणारे संकेत-प्रथिन) मिळालेल्या पेशींपैकी काही निमूटपणे एंडोडर्म होत आणि शेजारच्या जागच्या हलत नसत. बैठकीत मार्गदर्शकांनी सर्वांसमक्ष निदान केले, "तुमचा हात अजून बसलेला नाही." त्यानंतर सहा महिने मी माध्यम बदलले, ॲक्टिव्हिनच्या मात्रा पुन्हा पुन्हा तपासल्या, पेशींची घनता मोजली, मिश्रण तसेच राहिले.

वाढत्या डिशमधील पेशी पेशीचक्राच्या, म्हणजे एका विभाजनापासून पुढच्यापर्यंतच्या फेरीच्या, वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात, हे त्या बैठकीत कोणालाच सुचले नाही. पॉकलिन आणि व्हॅलिये या संशोधकांनी २०१३ मध्ये फुची या रंगसूचकाने टप्पे वेगळे करून दाखवले, की जी-१ च्या (विभाजनानंतर डीएनएची प्रत निघण्यापूर्वीच्या टप्प्याच्या) आरंभी असलेल्या पेशी एंडोडर्मकडे वळतात, तर उत्तरार्धातील पेशी मज्जा-बाह्यस्तराकडे (ज्यातून मज्जासंस्था घडते). कारण उत्तरार्धात सायक्लिन-डी हे चक्र पुढे नेणारे प्रथिन वाढते आणि सीडीके-४ व ६ या विकरांच्या साहाय्याने स्मॅड-२ व ३ यांना, म्हणजे ॲक्टिव्हिनचा संकेत जनुकांपर्यंत नेणाऱ्या प्रथिनांना, केंद्रकात शिरू देत नाही.

अधिजनुकीय भाग, म्हणजे डीएनएचा क्रम न बदलता जनुके उघडणाऱ्या-मिटवणाऱ्या खुणांचा, असा, की विकासाच्या अनेक जनुकांवर डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन एच-३ प्रथिनाच्या चौथ्या लायसीनवर उघडणारी आणि सत्ताविसाव्यावर मिटवणारी, अशा दोन्ही मिथाइल खुणा असतात. जी-१ मध्ये यांतील कित्येक जनुकांवर पहिली खूण वाढते. सीडीके-२ हे ती खूण लावणाऱ्या एमएलएल-२ या विकराला फॉस्फेट जोडून त्यास हातभार लावते. शिवाय डीएनएची प्रत निघताना जुने हिस्टोन दोन्ही प्रतींत वाटले जातात आणि नव्या हिस्टोनांवर मिटवणारी खूण सावकाश परतते.

विभाजन थांबवणाऱ्या नोकोडॅझोल या औषधाने पेशी अडवूनही टप्पे जुळवता येतात. त्यातून सुटलेल्या मानवी मूलपेशी पुढे विभेदित होऊ शकतात. नाहीतर रंगसूचकाने पेशी निवडाव्यात आणि कोणत्या टप्प्यावरच्या पेशी कशा वळल्या हा आलेख हाती आल्याशिवाय बैठकीला जाऊ नये. अर्थात चक्र केवळ प्रतिसादाची मुभा देते, दिशा बाहेरचे संकेत ठरवतात. आणि यातील बराच पुरावा डिशमधला आहे, भ्रूणातला नाही.

माझा आलेख पाहून मार्गदर्शक "आता हात बसला" एवढेच म्हणाले. ती डिश मी जुन्याच पिपेटने भरली होती.